चाळीला बसवलेलं नाक

निघोज्यात सयाजीआबांचं शेत आता दोन कंपन्यांच्या मधे उरलंय. एका अंगाला निळ्या पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला कंटेनर उभे करायची जागा आणि मधे आबांचा कांदा. जमिनी विकून गावाने गाड्या घेतल्या, आबांनी कांदा साठवायला कांदाचाळ बांधली. त्यावरून लोक हसतात. पण रोपं टाकायची वेळ आली की हसणारेच ओंजळ पसरून दारात येतात, कारण आबांचं बी घरचं. बाकीचा गाव पाकिटातलं पेरतो. आबांचं वाण त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, सासूने दिलेलं, काळपट लाल, चिरणाऱ्याला रडवणारं.

हे बी राखायचं कसं, तर दरसाल टपोरे कांदे वेगळे काढायचे, दिवाळीनंतर ते पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना दांडे फुटतात, दांड्यावरच्या गोंड्यात बी धरतं. राखलेले कांदे दिवाळीपर्यंत टिकले तर वाण टिकलं. नाहीतर आबाही पाकिटवाल्या दुकानाच्या रांगेत, आणि मग गावाने काय हसावं!

यंदा या कांद्यांवर लेकाने पहारा बसवला. नवनाथ महाळुंग्याच्या कंपनीत पेंट शॉपला. तिथे प्रत्येक मशीनला सेन्सर, मग आपल्या चाळीने काय पाप केलंय, असं त्याचं म्हणणं. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका नव्या कंपनीची आम्रपाली नावाची मुलगी पिंपरीहून आली आणि जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र चाळीच्या आढ्याला टांगून गेली.

"कांदा सडायला लागला की हवेत वास सुटतो, काका. माणसाला कळायच्या आधी याला कळतो. मग दादांच्या मोबाइलवर मेसेज."

"म्हंजे नाकच की हे," आबा म्हणाले. "सर्दी झाली मंग?"

"याला सर्दी होत नाही."

"मंग माज्यापरीस बरं हाय."

तेव्हापासून त्याचं नाव नाक.

महिनाभर नाक गप्प होतं. मग श्रावण आला. आबा वर्षभर बोंबलावर ताव मारणारे, पण श्रावण म्हणजे श्रावण. आदल्या दिवशीच त्यांनी फर्मान काढलं, "उद्यापास्नं बोंबील, सुकट घरात दिसाय नको."

यशोदाबाईंनी हुकूम अक्षरशः पाळला. चांगला बोंबील टाकून कोण देतं? त्यांनी तो पत्र्याच्या डब्यात भरला, डबा खताच्या गोणीत गुंडाळला आणि घरात न ठेवता चाळीत नेला. चाळ काही घर नव्हे. आम्रपालीने नाक टांगताना एक खिळा जास्तीचा ठोकला होता, तो आयताच मिळाला. डब्याचं झाकण एका बाजूने चेपलेलं होतं, पण इतकं कोण बघतं!

दुसऱ्याच दिवशी पहिली शिफ्ट सुटली, नवनाथने लॉकरमधून मोबाइल काढला, तर मेसेज: कांदा सडण्याची शक्यता. त्याने गेटवरूनच घरी फोन लावला.

"आबा, चाळीत बघा. कांदा सडतोय."

"कोन म्हनतं?"

"नाक म्हणतंय."

आबा चाळीत गेले. कांदा कोरडा, टणक. वास मात्र आला, आणि आबा जागच्या जागी थबकले. वास बोंबलाचा होता. श्रावणाचा पहिलाच दिवस आणि आपलं मन असं धावायला लागलं? आबांना स्वतःचीच लाज वाटली. कुणाला सांगणार? ते बाहेर आले आणि म्हणाले, "कायबी न्हाई."

मेसेज रोज यायला लागला. शेवटी आम्रपालीला बोलावलं. ती चाळीत शिरली, लॅपटॉप उघडला, आकडे बघितले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आठी आकड्यांमुळे नव्हती. सकाळी आईने तिच्या डब्यात सुकटीची चटणी दिली होती. श्रावणातल्या घरी आलोय, म्हातारे समोर उभे, आणि आपल्या बॅगेतून हा दरवळ! तिने हळूच बॅगेची चेन ओढली आणि बॅग बाहेर गाडीला अडकवून आली. वास तसाच. आता कपड्यांनाच लागला असणार, असा तिने हिशेब घातला.

आबांनाही वास आला. पोरीचा डबा असेल, असं त्यांना वाटलं. मग पोरगी आली नव्हती तेव्हा कशाचा होता? हा विचार त्यांनी पुढे नेलाच नाही. राहिला नवनाथ. पेंट शॉपमध्ये इतकी वर्षं काढल्यावर त्याच्या नाकाला रंगाखेरीज काही कळत नाही.

"मशीन ओके आहे, काका," आम्रपाली म्हणाली. "आत काहीतरी सडतंय नक्की."

"पन कोन्ता कांदा?"

"ते नाही सांगत."

"म्हंजे चोर हाय म्हनायचं आन नाव सांगायचं न्हाई. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच झालं."

यशोदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. त्यांनी आडून विचारलं, "पोरी, ह्ये नाक निसता कांदाच हुंगतं ना? दुसरं कायबाय न्हाई ना हुंगत?"

आम्रपालीने गाडीवरच्या बॅगेकडे बघितलं. मावशींना डब्याचा वास आला वाटतं! ती ठासून म्हणाली, "नाही नाही मावशी! फक्त कांदा! दुसऱ्या कशाचा याच्याशी काही संबंध नाही!"

यशोदाबाईंचा जीव भांड्यात पडला. कांद्याचं नाक बोंबलाला कशाला शिवेल, हे त्यांना आधीच पटत होतं, आता शिकलेल्या पोरीनेही सांगितलं.

मग सगळ्यांनी मिळून राखलेले कांदे बाहेर अंगणात काढले. आभाळ भरलेलं, हवा ओली. एकेक कांदा हातात घेऊन अंगठ्याने मानेपाशी दाबून बघितला. आबांनी दाबला, त्यांना खात्री वाटेना म्हणून नवनाथने दाबला, आणि दोघांचा अंगठा पुरुषाचा म्हणून यशोदाबाईंनी पुन्हा दाबला. एकही सडका निघाला नाही. कांदे चाळीत परत गेले. दुसऱ्या दिवशी मेसेज हजर.

आता आबांची मती गुंग झाली. डोळे म्हणतात बरा, अंगठा म्हणतो बरा, यंत्र म्हणतं सडका. त्यात रात्रंदिवस बोंबलाचा भास. त्यांनी ठरवून टाकलं.

"शनवारी चाकनच्या बाजारात घालू. टनक हायेत तवर तरी इकतील."

"बियाचे कांदे?" यशोदाबाई किंचाळल्याच. "आत्याबाईंनी दिलेलं वाण भज्यांत जानार?"

"सडून उकिरड्यावर जान्यापरीस भज्यांत बरं!"

शनिवारी सकाळी नवनाथ गोणी भरायला लागला. यशोदाबाई दोनदा आत गेल्या, दोनदा बाहेर आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी लेकाच्या हातातली गोणी हिसकली, वर हात घातला आणि खिळ्यावरचा डबा काढून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो बघा. मला ठावं न्हाई ह्यानं का कशानं, पन कांदं इकू नगा."

आबांनी झाकण उघडलं. बराच वेळ ते बोंबलांकडे आणि बोंबील त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्हंजे माजं डोकं जाग्यावर हाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा उजळला की यशोदाबाईंना वाटलं, आपण सुटलो. पण लगेच आबांनी सुनावलं, "मी म्हनलं होतं ना, नको म्हनून?"

"घरात नको म्हनला व्हता. घरात हुता का?"

नवनाथने आम्रपालीला फोन लावला. ती म्हणाली, "अहो दादा, मला वाटलं माझ्याच डब्याचा येतोय! किती कानकोंडी झाले होते मी!"

डबा शेजारच्या शालनबाईंकडे गेला. त्यांच्या घरी श्रावण पाळत नाहीत. नाक गप्प झालं. आबांनी दोन दिवस झोप काढली.

आणि मग पुन्हा मेसेज आला.

नवनाथ घरी पोचला तेव्हा आबा यशोदाबाईंकडे बघत होते.

"आता काय ठिवलंस?"

"देवाशपथ कायबी न्हाई!"

"परवाबी तुज्या तोंडावर कायबी दिसत न्हवतं."

सगळे शोधायला लागले. आढं बघितलं, गोण्या झटकल्या, पत्र्यामागे काठी घातली. नवनाथने शालनबाईंना विचारलं, डबा त्यांच्याकडेच आहे ना, की परत आणून ठेवला? शालनबाईंनी डबा आणून दाखवला, निम्मा रिकामा. तेवढ्यावरून यशोदाबाईंचं आणि त्यांचं जुंपलं. अख्खी दुपार तीन माणसं आणि एक शेजारीण चाळीत मासळी शोधत होती. कांद्याला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी यशोदाबाई थकून राखलेल्या कांद्यांपाशी टेकल्या, आणि त्यांचा हात ओला झाला.

वरचे कांदे चांगले होते. खालचे मानेपाशी मऊ पडले होते, पाणी सुटलेलं. जिथे पाणी होतं, तिथेच तिघांचे अंगठे बसले होते. ओल्या हवेत बाहेर काढून, एकेकाला तीनतीनदा दाबून, पुन्हा थरावर थर रचलेले कांदे! नाक पहिल्यांदाच खरं बोललं, आणि त्याच दिवशी त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

यशोदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी नासके एका बाजूला केले, धड दुसऱ्या. धडांचा ढीग लहान होता, पण ढीग होता. गावाला वाटण्याइतकं बी यंदा होणार नव्हतं. घरापुरतं होईल एवढं होतं.

"आता हे चाळीत न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्याम्होरं राहतील."

कांदे टोपलीत घालून स्वयंपाकघरात टांगले. नवनाथने विचारलं, नाक काढून देऊ का परत? आबांनी मान खाजवली. खोटं बोललं म्हणून काढावं, तर खरंही तेच बोललं. "लाव हितंच टोपलीपाशी," ते म्हणाले. "काय सांगावं."

तेव्हापासून घरात फोडणी पडली की महाळुंग्याच्या लॉकरमध्ये मेसेज वाजतो. शिफ्ट सुटल्यावर नवनाथ फोन करतो, "आई, साडेबाराला काय सडत होतं?"

"वांगं," यशोदाबाई सांगतात.

पण फोन ठेवल्यावर त्या पाटावर चढून टोपलीत डोकावतात. हात लावत नाहीत. नुसतं वाकून एकेक कांदा हुंगतात, आणि खाली उतरून आबांना म्हणतात, "तुमीबी एकदा बघा."