बटण तीनवर

तीन

फ्रिजवाल्याने थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी सोडवल्या, त्यांची टोकं एकमेकांना जोडली, आणि फ्रिज घुरघुरत चालू झाला.

"बघा ताई. कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. म्हणजे चोर हा."

त्याने आतल्या पांढऱ्या डबीतून थर्मोस्टॅट बाहेर काढला. काडेपेटीएवढा तुकडा, त्याला उंदराच्या शेपटीसारखी लांब बारीक नळी.

"या शेपटीला थंडी कळते. पुरेसं गार झालं की आत टक् होतं, फ्रिज थांबतो. गारवा उतरला की पुन्हा टक्. हा मध्येच कुठेतरी अडकत असणार."

"पण रात्रीच कसा अडकतो?"

"रात्रपाळीवाला दिसतोय."

ती हसली नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात ठमीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"फ्रिजलाही कळतं, लेकराचं दूध त्यात ठेवू नये," त्या म्हणाल्या. "पाच महिन्यांचं पोर. आईचं दूध डबीतून प्यायचं, म्हणे."

हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. सोमवारी तिला कामावर जायचं होतं. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची, आणि मालकाने स्वच्छ सांगून टाकलं होतं: सोमवारी आलीस तर जागा तुझी, नाही तर माणूस बघून ठेवलाय. पंपाने दूध काढायचं, डब्या फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये ठेवायच्या, दिवसभर सासूबाईंनी ते ठमीला पाजायचं, असं ठरलं होतं. म्हणून तिने आधीच सराव सुरू केला. आणि सराव सुरू केल्यापासून फ्रिज बिघडला. संध्याकाळी ठेवलेलं दूध सकाळी आंबलेलं. बटण जागच्या जागी तीनवर, फ्रिज शहाण्यासारखा गुरगुरतोय, आत मात्र सगळं कोमट. स्वतःच्या अंगातलं दूध मोरीत ओतताना कसं वाटतं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ओतायची आणि नळ मोठा सोडायची.

"दादा, हा नक्की खराब आहे?"

"आत्ता कळेल."

त्याने वाडग्यात बर्फ घेतला, वर मूठभर मीठ टाकलं, शेपटी आत बुडवली. तिघंही कान देऊन बसले. ठमीसुद्धा.

टक्.

त्याने शेपटी बाहेर काढून मुठीत धरली, ऊब दिली.

टक्.

"हा तर चांगला आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. मग सहज विचारावं तसं, "रात्री कोणी बटण बंद करतं का हो?"

तिची नजर दाराकडे गेली.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई ठमीचे मोजे नीट करत म्हणाल्या. "बघायचं तर घरभर बघ."

फोनवर

"चांगला आहे म्हणतोय? मग बिघडतो कसा?"

"तेच ना."

"बदलूनच टाक. तुझ्या मनाला शांतता. हे बघ, माझं काहीच म्हणणं नाही."

तिच्या नवऱ्याचं कशावरच काही म्हणणं नसायचं. नोकरी? तू ठरव. रजा वाढवायची? तुला वाटतं तसं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तो चहा ठेवायचा, दोघींच्या उशाशी कप नेऊन द्यायचा. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. तीही म्हणायची, हो. फक्त रात्री ठमीला थोपटताना तो हळूच म्हणायचा, "हिला काय कळतंय म्हणा, आई कुठे गेली ते." एवढंच. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

मध्ये

नवा थर्मोस्टॅट बसला. फ्रिजवाल्याने शेपटी फ्रीझरच्या पत्र्याला चिकटवून पट्टीखाली दाबली, जुनं बटण नव्या दांडीवर चढवलं, आणि डोकं खाजवलं.

"एक घोळ आहे ताई. हा दुसऱ्या बनावटीचा, उलटा फिरतो. बटण मात्र जुनंच. म्हणजे सहा लिहिलंय तिथे हा बंद होणार, आणि जुना बंद व्हायचा त्या शून्यावर सगळ्यात गार. जोडीचं बटण मंगळवारी आणून देतो."

"आणि तीन?"

"तीन मध्येच आहे की. मध्ये उलटं काय नि सुलटं काय." त्याने बटण तीनवर आणलं. "हात लावू नका म्हणजे झालं."

तिनेही मग त्यावर फार डोकं लढवलं नाही. कोणाला हात लावायचाच नव्हता, तर सांगायचं कशाला? सासूबाई आतल्या खोलीत ठमीला निजवत होत्या. संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बदलला."

"सुटलो बुवा," तो म्हणाला आणि बूट काढायला बसला.

रविवारी दुपारी सासूबाईंनी अचानक पिशवी भरली.

"लेकीकडे जाऊन येते. उद्या सकाळी येईन, तू निघायच्या आत."

"आजच कशाला, आई?" नवरा म्हणाला.

"का? माझ्यावाचून तुझं काही अडतंय?"

तिला बरंच वाटलं. वाटलं याची लाजही वाटली. एक रात्र तरी फ्रिजच्या वाटेला कोणी जाणार नव्हतं. तिने चार डब्या भरल्या, झाकणं दाबून पाहिली, ट्रेमध्ये ओळीने लावल्या. बटण तीनवर. तिने खात्री करून घेतली.

शून्य

सोमवारी पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या आधी उठली. बाहेर नुकतं फटफटलं होतं. तिने फ्रिज उघडला आणि एका डबीला बोट लावलं.

डबी दगड झाली होती. दुसरी तशीच. तिसरी. चौथी. दुधाची पिशवी विटेसारखी. कोथिंबीर काचेची.

बटण शून्यावर होतं.

सासूबाई घरात नाहीत.

ठमीला अजून बसताही येत नाही.

हिशोब तिथेच संपला. तिने पुन्हा मोजून पाहिला, जणू घरात आणखी कोणी राहत असेल आणि ती विसरली असेल.

बटणाला हात न लावता तिने दार लावलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. दिवा लावला नाही. तिची बोटं बधिर झाली होती, ती तिने काखेत धरली.

थोड्या वेळाने तो आला. गुणगुणत, एका हाताने डोळे चोळत. पातेलं काढलं, पाणी ठेवलं, फ्रिज उघडला. त्याचा हात आधी बटणाकडे गेला. न बघता, रोजच्या सवयीने त्याने ते तीनवर आणलं. मग त्याने दुधाची पिशवी उचलली आणि तो थबकला. पिशवी ओट्यावर आपटून पाहिली. ठक्क.

वळला, तेव्हा ती दिसली.

"अगं, तू कधी उठलीस? हे बघ, सगळं गोठलंय."

"हो."

"पण असं कसं..." त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नवा पार्टही बोगस निघाला वाटतं. फ्रिजवाल्याला बोलवायला हवं. मला तर ऑफिस आहे. तू आजचा दिवस जर..."

"बटण उलटं बसलंय," ती म्हणाली. "शून्यावर सगळ्यात गार होतं."

पाणी उकळायला लागलं होतं. त्याने बटणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं."

आतून ठमी रडली. ती उठून गेली. पाठीमागे त्याने गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग बाथरूमचं दार लागल्याचा, मग नळाचा. नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुन्हा तीन

तिची पर्स खांद्याला अडकवलेली होती, कडेवर ठमी, तेव्हा बेल वाजली. सासूबाईंनी चपला काढल्या, पिशवी भिंतीशी टेकवली. एरवी आधी नातीकडे झेपावल्या असत्या. आज सरळ स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"बटण कितीवर होतं?"

"शून्यावर," तिच्या तोंडून निघून गेलं. मग प्रश्न कानात शिरला. ती सासूबाईंकडे पाहत राहिली. नळ अजून चालू होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"झोपते कुठे मी? स्वयंपाकघराला लागून. म्हातारपणी झोप असते का."

"मग सांगितलं का नाहीत? मी तुम्हालाच..."

"पोटचा आहे. म्हणून तर काल गेले." सासूबाईंनी ठमीला तिच्या कडेवरून उचलून घेतलं. "आणि मला अजून पटत नाही तुझं हे डबीतलं दूध. ते वेगळं. चोरून करायचं नाही."

त्यांनी फ्रिज उघडला, एक डबी काढून हलवून पाहिली.

"हे धोंडे पोरीला कसे पाजायचे?"

"कोमट पाण्यात ठेवा. आपोआप वितळतं. गॅसवर नका ठेवू, आई, आणि एकदा वितळलेलं पुन्हा..."

"एवढं कळतं मला. जा तू."

नळ बंद झाला. तो टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला, आईला पाहून हसला, तिला पाहून थांबला. मग नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "स्टॉपपर्यंत सोडू का? तुला हवं असेल तर. माझं काही..."

"नको."

तिने ठमीच्या पावलाला हात लावला आणि दार ओढून घेतलं. जिन्यात कोणी नव्हतं. एका वळणावर थांबून तिने बोटं उघडमीट करून पाहिली. त्यांत ऊब परत आली होती. मग ती उतरत राहिली, भरभर. संध्याकाळी हाच जिना चढायचा होता.