पाहुण्याचा राग

आमचा उंट आला त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की आधी नुसतं डोकंच आलं. कुंपणाच्या वरून, संथपणे, पापण्या मिटत-उघडत. मागून बाबांचा आवाज आला, "चहा टाका, पाहुणा आलाय!" तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा.

आमचं शेत एवढंसं. पाहुण्यानं मान लांब केली तर जागेवरूनच निम्मं चरून होईल, असं धाकटे काका म्हणायचे. एकदा चारचौघांत ते बाबांना 'उंटावरचा शहाणा' म्हणाले. झालं, बाबांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. बाबांचा राग कायम नाकावर. पाहुण्यानं मात्र त्यांना खोटं पाडलं नाही. तो नांगर ओढायचा, विहिरीचं पाणी ओढायचा आणि दुपारी मान जमिनीवर टाकून अशी झोप काढायचा की बघणाऱ्यालाही जांभई यावी. त्याच्याजवळ उभं राहिलं की वेळ सैल व्हायचा. मला तो फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकते.

मग ती दुसरी सकाळ, पुन्हा तसंच धुकं. बाबांच्या छातीत रात्रीपासून दुखत होतं. आई म्हणाली, "डॉक्टरकडे चला." बाबा म्हणाले, "मग नांगरट कोण करणार, डॉक्टर?" शब्दानं शब्द वाढला. बाबा कोटही न घालता तरातरा गोठ्यात गेले आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. जुंपताना पाहुणा जरासा हलला, तर हातातला चामडी पट्टा त्यांनी त्याच्या नाकाडावर ओढला. पुन्हा ओढला, पुन्हा. मग त्याला तिथेच सोडून एकटेच शेताकडे निघाले. बांधापर्यंत पोचले, त्यापुढे नाही.

लोक आले, बसले, गेले. आई रडली नाही. खुंटीवरचा बाबांचा तपकिरी कोट तिनं धुवायला दिला नाही; येता-जाता त्यात तोंड खुपसून उभी राहायची.

आणि पाहुण्यानं डूख धरला. गेलेल्या माणसावर! घरातलं कुणीही पट्टा घेऊन गेलं की तो तोंडाला फेस आणून गुरगुरायचा. माझी बाही त्यानं खांद्यापासून फाडली. पेरणी तोंडावर आलेली आणि जमीन तशीच पडून. काका आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "वहिनी, अंगावर येणारं जनावर घरात ठेवू नये. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, बाजारात नेऊ." ते चुकीचं काही बोलत नव्हते, म्हणून मला जास्तच राग आला.

ज्याच्याकडून पाहुणा घेतला होता त्या म्हाताऱ्या उंटवाल्याला मी गाठलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "उंट राग विसरत नाही, पोरी. फेडून घेतो. ज्यानं मारलं त्याचा अंगचा कपडा दे त्याला, न धुतलेला. तुडवू दे मनसोक्त. मग झालं गेलं संपलं."

"पण माणूसच गेला, आजोबा."

"वास गेलाय का?"

घरी येऊन हे आईला सांगताना माझी जीभ अडखळली. आई कोट मांडीवर घेऊन बसून राहिली. त्याची कॉलर सारखी करत म्हणाली, "हाही गेला तर माझ्याकडे काय उरेल गं?"

सकाळी उठले तर खुंटी रिकामी होती. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत, धुक्यात, आई अनवाणी उभी होती. कोट तिनं पाहुण्यापुढे टाकला होता.

पाहुण्यानं मान खाली केली. हुंगलं. हळूच बाही दातांत धरली आणि असा हिसडा दिला की बटणं उडाली. कोट हात पसरून धुक्यात वर गेला, जरा तिथेच थांबल्यासारखा वाटला आणि खाली आला. पाहुण्यानं तो तुडवला, मग गुडघे टेकून छातीनं रगडला. सगळं अगदी सावकाश, जगात कुणालाच घाई नसल्यासारखं. मला बघवेना.

शेवटी तो उठला आणि धापा टाकत बाजूला झाला. मी कोट उचलायला पुढे झाले, तर आईनं मला अडवलं आणि स्वतः कोटावर पाय दिला.

"चला म्हटलं होतं की नाही डॉक्टरकडे?" ती कोटाला म्हणाली. मग दुसरा पाय. "ऐकलंत कधी माझं? भांडण अर्धं टाकून निघून गेलात! निदान वळून तरी बघायचं होतं!"

ती पाय आपटत होती आणि रडत होती, एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं. तिचा तोल गेला तेव्हा तिनं पाहुण्याच्या मानेला धरलं, आणि त्यानं धरू दिलं. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात कुंपणाशी गाडी थांबली. धुक्यातून काका आले, हातात दोर. वहिनीला तसं बघून जागच्या जागी थिजले. आईनं नाक पुसलं, केस मागे सारले. मला वाटलं, आता ही लाजेल.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचंही काही राहिलं असेल त्यांच्याशी. या."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्याकडे. मग दोर खाली ठेवला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.