इलाचे पिवळे हात

आमची इला इथे अमेरिकेत, श्रूजबरीत दुसरीत शिकते. शुक्रवारी मी मुलं यायच्या आधीच तिच्या वर्गात मदतीला गेले. त्या दिवशी मिस कार्टर मुलांना रहस्यकथा शिकवत होत्या. नुसत्या सांगून नव्हे, वर्गातलं कापडी अस्वलच गायब करून! रिकाम्या शेल्फवर पिवळ्या बोटांचे ठसे. "डिटेक्टिव्ह्ज, क्लू बघा, सस्पेक्ट शोधा!" आणि मला आधीच बजावलेलं, पालकांनी मध्ये बोलायचं नाही.

नेमकी आदल्या संध्याकाळी माझ्या भाचीची, अनिकाची, हळद झालेली. इलाने हौसेने दोन्ही हात घालून हळद कालवली होती. सकाळी किती घासले हात, पण जाते का मेली!

वर्गातल्या टायलरने इलाचा हात धरून वर केला. "येलो! इट्स इला!"

सगळी पोरं भोवती जमली. इलाने हात पाठीमागे लपवले. झालं, तोही क्लू ठरला! तिची जिवाभावाची मैत्रीण नैना हळूच मागे सरकली. आणि मिस कार्टर कौतुकाने बघतायत, मुलं किती छान विचार करतात म्हणून! अगं बाई, माझी पोर रडकुंडीला आलीय, दिसत नाही का तुला?

खड्ड्यात गेला नियम. मी पुढे झाले. "ही हळद आहे, लग्नाची. मीपण लावलीय, हे बघा," म्हणत माझे हात दाखवले. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"सस्पेक्ट नंबर टू!" टायलर किंचाळला. "शी केम बिफोर अस!"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. तेवढ्यात इला गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आय टुक इट," ती म्हणाली. "माय मॉम डिडन्ट."

मिस कार्टरचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी घाईघाईने सांगून टाकलं, चोर म्हणजे पीटीचे सर, आणि ठसे त्यांच्या हॉट डॉगवरच्या मस्टर्डचे. मुलं खो खो हसली. नैनाही हसत इलाजवळ आली.

इला हसली नाही. माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "मॉम, आर यू ओके?"

असा संताप आला मला त्या बाईचा आणि असं रडू फुटलं, की शेवटी सात वर्षांच्या पोरीनेच मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं.