अकरा माड

"काय न्हाय. ठणठणीत हाय," एरिकने कानावरचे हेडफोन काढत सांगितलं.

कॉनी हलली नाही. तिने वाकून अंगणातल्या माडाच्या बुंध्याला चिकटलेला चिमूटभर ओला भुसा उचलला आणि नवऱ्याच्या नाकाखाली धरला. "मंग यो कुठून आला?"

उत्तनला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एरिकला हे वेड चार वर्षांपूर्वी लागलं. सोंड्या भुंग्याची अळी माडाला आतून पोखरते. वरचा कोंब सुकला की ते कळतं, पण तोवर वेळ गेलेली असते. अळी खाते तेव्हा आवाज होतो, असं एका शेतकी मेळाव्यात त्याच्या कानावर पडलं आणि गडी पेटला. रेकॉर्ड प्लेअरची पिन बसते तो तुकडा, मोडक्या टेपरेकॉर्डरच्या आतलं सामान आणि एक लांब खिळा, एवढ्यातून त्याने मशीन जुळवली. खिळा खोडात ठोकायचा, हेडफोन लावायचा आणि ऐकत बसायचं. आधी गाव हसलं. मग त्याने सांगितलेल्या माडांतून बोटाएवढ्या अळ्या निघाल्या. भोकांत औषध ओतून माती लिंपली, माड वाचले आणि हसणारेच बोलवायला येऊ लागले. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात कुणीतरी त्याची वाट बघत असायचं. मोबदला एक शहाळं. कौतुक मात्र तो पोटभर घ्यायचा, आणि का घेऊ नये?

त्याने पुन्हा ऐकलं. सगळं शांत. कॉनीने हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावले.

"कुरकुर करतंय. कोन पापड खातोय जसा."

"मस्करी नको करू."

"मंग खोदून बग."

त्याने भुसा येत होता तिथे सुरी खुपसली. पांढरी, गुबगुबीत अळी बाहेर आली.

एरिक पायरीवर बसला. तीस वर्षं इंजिनांच्या धडधडीत गेली होती. बारीक आवाज कधी निघून गेले, त्याला पत्ताही लागला नव्हता. कानाचं वाईट वाटलंच, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ईस्टरपासून अकरा माड त्याने ठणठणीत म्हणून सोडले होते, आणि त्यातला जवळच्या मुर्धा गावातल्या राघोचा माड थेट त्याच्या घरावर झुकलेला होता.

कॉनीने चहा आणून दिला. "बॅटरी उतरलेली, असं सांगू. कोनाला कलनार हाय?"

खरं सांगायचं तर ते त्याला फार पटलं. कप रिकामा होईपर्यंत पटलेलं होतं. मग तो म्हणाला, "मशीन चांगली हाय. माजा कान गेलाय. तसंच सांगू."

दुसऱ्या दिवशी राघोच्या अंगणात त्याने तसंच सांगितलं. राघो आधी माडाकडे बघत राहिला, मग घराच्या कौलांकडे.

"मिस्त्री, तुमच्या शब्दावर माजी पोरं याच्याखाली झोपतान."

"म्हनून तर आलो."

"आनि आता आयकनार कोन?"

"ही."

एरिकने खिळा ठोकला. कॉनीने हेडफोन लावले आणि थोड्या वेळाने बोट वर केलं. खिळा वर-खाली ठोकून घेत तिने तीन जागा दाखवल्या, एरिकने त्यांवर खडूने खुणा केल्या. कोंब अजून हिरवा होता. औषध ओतून, भोकं लिंपून झाल्यावर राघोचा आवाज जरा सैल झाला.

"काकू, मागल्या माडाचं पन आयकून बगा."

ती त्याला वाट विचारत पुढे निघालीसुद्धा. एरिक पेटी उचलून मागोमाग गेला. त्याने खिळा बसवला. कॉनी डोळे मिटून उभी राहिली, ओठ जरासे उघडे, भुवया वर, सगळा जीव कानात. माडाचं ऐकताना माणसाचा चेहरा असा होतो, हे इतक्या वर्षांत त्याने कधी पाहिलंच नव्हतं. खिळा धरून तो बघत राहिला.