छकुली सुटली

मी आणि जयवंताबाई ओसरीवर तूर पाखडत बसलो होतो, तेवढ्यात दारात जीप थांबली. जयवंताबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत, त्यामुळे तिच्या घरी काय घडतं ते तिच्या आधी मला कळतं. जीपमधून दोन पोरी, दोन पोरं आणि टाय लावलेला एक माणूस उतरला. मार्चच्या उन्हात टाय बघून मला हसूच फुटलं.

पण पुढच्या पोरीकडं बघितलं आणि हसू जागीच राहिलं. ही तर जयवंताबाईच्या भावाची छकुली. बारावी झाल्यावर ऑफिसातली नोकरी लागली म्हणून महिन्याखाली शहरात गेली होती. आता पार वाळून गेलेली, टाचा फुटलेल्या.

"नमस्ते मॅडम," ती सख्ख्या आत्याला म्हणाली. "गॅस वाचवणारी जाळी आहे. एक टाकी तीन महिने जाते."

"अगं छकुले," मी म्हणाले, "मॅडम कुणाला म्हणू राह्यली?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. टायवाला पुढं आला. "कौन छकुली? इसका नाम तो आकांक्षा है." आधार कार्डावर तेच नाव, घरचं नाव त्याला काय माहीत.

जयवंताबाईनं सुपाआडून मला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. "छकुली आमची वगार हाय, साहेब. सुटली वाटतं," ती म्हणाली. आणि खरं वाटावं म्हणून पारावर बसलेल्या नवऱ्याला हाक मारली, "अवं, छकुली सुटली. दावं घेऊन जल्दी पळा."

सर्जेराव चार माणसं घेऊन कालव्याकडं पळाले. आपल्या म्हशीच्या पोराला नाव कधी ठेवलं, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

टायवाला खोकं आणायला जीपकडं वळला, तशी छकुली भराभर बोलली. "आत्या, मीच गाडी इकडं आणली. त्याला म्हणलं, या गावात कापूस इकलाय, बायांच्या हातात पैसा हाय. यानं आमचे चौघांचेबी मोबाइल काढून घेतले, आधार घेतलं. जाते म्हणलं तर केस करीन म्हणतो. परवा माल खपला न्हाई तर मला एका गावात एकटीला सोडून गेल्ता. एका घरी पाणी मागितलं, तर त्या माणसानं आतून कडी लावली. खिडकीतून उडी मारली मी."

जयवंताबाईचं सूप थांबलं, पण क्षणभरच.

"कार्ड कुठंय?"

"त्याच्या कमरंच्या पाकिटात."

"मंग गप ऱ्हा."

टायवाला आला. "साहेब, आमच्या गल्लीत बारा घरं. बाराच्या बारा जाळ्या घेतो," जयवंताबाई म्हणाली. "पण मागं एकजण शिलाई मशीन म्हणून फसवून गेल्ता. तवापासून आमचा नियम हाय, इकणाऱ्याचं आधार बघितल्याबिगर घ्यायचं न्हाई. चौघांचंबी दाखवा."

असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. "बराबर हाय," मी म्हणाले.

बारा जाळ्यांच्या आशेनं त्यानं चार कार्डं काढून दिली. जयवंताबाईनं एकेक उलटंपालटं करून बघितलं. तिला वाचता येत नाही. मग चारही पोलक्यात घातली आणि पुन्हा तूर पाखडायला लागली.

टायवाल्याचा हात पुढं आला, अर्ध्यात थांबला, माघारी गेला.

"मॅडम, कार्ड."

"घ्या की," ती म्हणाली.

मी पदरात तोंड खुपसलं. तो लालबुंद होऊन पोलिसांचं नाव घ्यायला लागला, तेवढ्यात कालव्याकडून माणसं आली. चारची आठ झाली होती. हातात दावी, काठ्या. "इकडंच हाय, सोडू नका," सर्जेराव ओरडत होते. "आधी पाय बांधा, मंग ओढत न्या."

टायवाल्यानं खोकं तिथंच टाकलं आणि जीपमध्ये उडी मारली. तीर्थपुरीच्या रस्त्याला नुसता धुरळा दिसला. मोबाइल गेले ते गेलेच.

माझ्या फोनवरून चौघांच्याही घरी कळवलं. पोरं पिठल्याभाकरीवर तुटून पडली. जयवंताबाईनं घामानं ओलं झालेलं कार्ड छकुलीच्या हातात दिलं. "पुन्हा कुणी म्हणलं, मी ठिवतो, तर कुठं ठिवायचं कळलं का?"

छकुली हसता हसता रडायला लागली. मग आम्हीही दोघी रडलो, आणि पुन्हा हसलो.

गोठ्यातून सर्जेराव दावं गुंडाळत आले. "वगार तर दावणीलाच हाय," ते म्हणाले. "मंग सुटली कोण?"