एक बीप म्हणजे हो

अर्धांगवायूच्या झटक्यात आमच्या हिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अर्धा जन्म मोठ्या दुकानाच्या काउंटरवर बडबडत बिलं करण्यात गेला आणि आता तोंडातून शब्द फुटेना. मान हलवायची, पण कशालाही. चहा हवा का, मान. नको का, तरी मान. माझं डोकंच फिरायचं.

मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. शेजारच्या काउंटरवरची हिची मैत्रीण, तिला सगळे चिल्लर म्हणतात, कारण गिऱ्हाईक दिसलं की ती आधी सुटे मागते, तिनं भंगारात निघालेला बारकोड स्कॅनर आणून दिला. "हिच्याच हातातला आहे, उशाशी ठेवा," म्हणाली. उशाशी कसला ठेवतोय! मी तो खोलला. लाल दिवा काढला, आतलं सर्किट उपटलं आणि चाप दोन सेल लावून थेट बझरला जोडला. स्प्रिंगही सैल केली, हिच्या डाव्या बोटाला झेपेल इतकी.

"हे बघ, एक बीप म्हणजे हो. नको असेल तर दाबायचंच नाही. कळलं?"

बीप! अहो, मी खोलीभर नाचलो.

पुढे हिला घोटाघोटाला ठसका लागायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात नळी बसवू, तोंडानं खाणंपिणं बंद. सासूबाईंना तशी नळी होती तेव्हा हिनं मला बजावलं होतं, "मला असलं काही लावलंत तर याद राखा." म्हणून मी म्हटलं, तिलाच विचारा.

"काकू, पोटात एक छोटी नळी..." वाक्य पुरं व्हायच्या आत बीप.

"बघा, हो म्हणतेय!" मीच ओरडलो. सुटलो एकदाचा, असं वाटलं मला. नळी बसली. हिचा चहा सुटला.

काल चिल्लर भेटायला आली. दुकानातल्या चहाड्या सांगत बसली. मधेच हिनं चाप दाबला. बीप. परत बीप. चिल्लर हसत सुटली.

"अगं बाई, अजून तशीच का तू?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"अहो, कोणी कटकट करायला लागलं की ही ऐकूनच घ्यायची नाही. पुढची वस्तू उचलायची आणि बीप! म्हणजे, बास झालं तुमचं, सरका पुढे. गिऱ्हाईकाला वाटायचं, बाईंना पटलं."

मी हसलो नाही. चिल्लर गेल्यावर हिच्या पलंगाशी बसलो, स्कॅनर हातात दिला.

"खरं सांग गं. त्या दिवशी तू हो म्हणालीस, की सरका पुढे म्हणालीस?"

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग बोट वाकलं.

बीप.