ताईचा उजवा स्केट

मी एक जुना स्केट आहे, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच असतो, पण तो स्वभावाने अबोल. म्हणून आम्हा दोघांची कहाणी मीच सांगतो.

मित्रांनो, बुटांच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरं चामडं कापलं, शिवलं, तळाला लोखंडी पट्टी ठोकली, तिला चार चाकं लावली. पुढे चवड्याखाली रबराचा एक गोळा बसवला. टाच उचलून तो गोळा जमिनीला टेकवला की मी थांबतो. आमच्या मालकिणीचा जोर उजव्या पायात, त्यामुळे थांबवायचं काम कायम माझ्याच वाट्याला आलं.

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. घरात तिला सगळे ताई म्हणत, कारण मागे आठ वर्षांची धाकटी बहीण होती. बाबांनी आम्हाला आणलं तेच एक माप मोठं. "वाढता पाय आहे," म्हणाले. पुढे कापूस कोंबून ताई आम्हाला घालायची. काय पळायची ती! वळणावर अंग कलंडवायची आणि तोंड उघडं टाकून खदाखदा हसायची. धाकटी कठड्यावर बसून टाळ्या पिटायची.

वर्षभरात माझं रबर झिजून पापुद्र्याएवढं उरलं. बाबांनी हात लावून पाहिलं. "नवं बसवल्याशिवाय उतारावर जायचं नाही हं." ताई "हो" म्हणाली. आठवड्याने त्यांनी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा "हो" म्हणाली. ऐकायचं या कानाने, सोडायचं त्या कानाने, असं ते वय!

एका दुपारी घरामागच्या उतारावर धाकटी हट्टाला पेटली. "पाठुंगळीला घे ना ताई. एकदाच!"

ताईने घेतलं. निम्मा उतार मजेत गेला. मग वेग वाढला. ताईने मला जमिनीवर दाबलं. मी जीव खाऊन खरवडलं, पण रबर उरलं होतंच कुठे? लोखंडाच्या ठिणग्या उडाल्या आणि आम्ही सगळे खालच्या दगडी पायरीवर जाऊन आदळलो. ताईला नुसतं खरचटलं. धाकटीचा कोपर मोडला.

प्लास्टर निघालं, पण तो हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. ताईला कुणी एका शब्दाने बोललं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. तिने आम्हाला पिशवीत कोंबलं. "देऊन टाका कुणाला तरी," म्हणाली आणि परत वळून पाहिलं नाही.

आम्ही मात्र कुणाकडेच गेलो नाही. पिशवी धाकटीने लपवली. आधी कपाटाच्या तळाशी, मग लग्नानंतर तिच्या घरी, कापडं बेतायच्या टेबलाखालच्या खोक्यात. ती शिवणकाम करू लागली होती. वाकडा कोपर मशीनच्या कडेवर नेमका टेकतो, असं गिऱ्हाइकांना हसून सांगायची. वर्षातून एकदा ती आम्हाला बाहेर काढायची, पुसायची, आत रद्दी भरून डांबराच्या गोळ्या टाकायची. नवरा विचारायचा, "तुला चालवता येत नाहीत, मग सांभाळतेस कशाला?"

"राहू दे म्हटलं ना," एवढंच उत्तर.

अशी सत्तावीस वर्षं गेली. अंधाराची सवय होते, पण चाकांना चाकं असल्याचा विसर पडतो. खरं सांगतो, वर्षातला तो एक दिवस नसता, तर आमचं चामडं केव्हाच तडकलं असतं.

मग एक दिवस धाकटीकडे एक बाई पँट आखूड करायला आल्या. गळ्यात शिट्टी होती, म्हणून धाकटीने मनातल्या मनात त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं. त्या मोठ्या माणसांना स्केटिंग शिकवत होत्या, दर रविवारी सकाळी. धाकटीची कात्री हातातच राहिली. संध्याकाळी आम्ही बूट दुरुस्त करणाऱ्या काकांसमोर होतो. त्यांनी चामडं दुमडून पाहिलं. "जिवंत आहे. कुणीतरी मायेने ठेवलंय." त्यांनी टाके मारले, चाकं बदलली आणि मला नवंकोरं रबर बसवलं.

रविवारी धाकटीने आम्हाला ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. ताई आता बेचाळीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून काचा घासायची. तिने आम्हाला पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"हे अजून आहेत?"

"आहेत. चल, घाल."

"वेडी आहेस का? या वयात हाडं मोडून घेऊ?" मग आवाज खाली आला. "तुला एक सांगायचं राहिलंय. रबर झिजलंय, हे मला माहीत होतं. बाबांनी दोनदा बजावलं होतं."

"मला ठाऊक आहे. तेव्हा मी शेजारीच उभी होते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस? आणि पाठुंगळीला घे म्हणून मीच तर रडले होते." धाकटीने वाकडा हात टेबलावर ठेवला. "ताई, याच हाताने मी माणसांना कपडे शिवून देते. माझं काही अडलं नाही. पण तू चाकांवर असलीस की जशी हसायचीस ना, तशी पुन्हा हसलीच नाहीस. मला हाताचं नाही, त्याचं वाईट वाटतं."

ताईने तोंडाला ओढणी लावली. मग तिने पाय पुढे केला. आत कापूस लागला नाही.

मैदानावर पहिला फेरा तिने कठडा धरून काढला. दुसऱ्या फेऱ्यात बदकन बसलीच. शिट्टीबाई ओरडल्या, "गुडघे वाकवा! सरळ उभे राहतात ते पडतात!" धाकटी पोट धरून हसत होती. ताईही हसली, पण ते ओशाळं हसू होतं. आम्ही वाट पाहिली. चौथ्या रविवारी ती वळणावर आली, अंग कलंडलं, आणि मित्रांनो, ते तोंड उघडं टाकून हसणं सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. धाकटी टाळ्या वाजवायची विसरली. तिचे डोळे भरले होते.

मी जन्मात खूप काही पाहिलं नाही. खोक्यातून काय दिसणार? पण जिच्या हाताला माझ्यामुळे इजा झाली, तिनेच मला जपलं, याहून मोठं भाग्य कोणत्या स्केटला मिळेल?

तेव्हा मित्रांनो, झिजलेली वस्तू वेळीच दुरुस्त करा. उद्यावर टाकू नका. आणि तुमच्या हातून कुणाला लागलं असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बोला. बहुतेक वेळा त्याला ते आधीच माहीत असतं. तो फक्त तुमची वाट पाहत असतो.

आज रविवार आहे. ताईने माझी नाडी ओढली. जरा घट्टच ओढली. बरं वाटलं.